पडद्याच्या दोन्ही बाजूंचा अल्बम

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटात लग्नांचे चार अल्बम आहेत. सर्वांत जुना १९७४चा, अब्बा-अम्मीच्या लग्नाचा. काळ्या जाड कागदावर कोपऱ्यांत अडकवलेले चोवीस कृष्णधवल फोटो आणि दोन पानांच्या मधे कोळ्याच्या जाळ्याच्या नक्षीचा पातळ कागद. त्यात अब्बा आहेत, दादा आणि नाना आहेत, काझीसाहेब आहेत, बँडवाले आहेत, पंगतीत दालचा वाढणारी पोरं आहेत. अम्मी मात्र नाही. चोवीसपैकी एका फोटोत दारावरचा पडदा किंचित बाजूला सरकलेला दिसतो आणि त्याची कड धरलेली चार बोटं दिसतात. ती बोटं कुणाची, यावर आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही. अम्मी म्हणते फुफूची, फुफू म्हणते खालाची. त्या लग्नात घरात साठ-सत्तर बायका होत्या. अल्बमात त्यांच्या वाट्याला आली ती चार बोटं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असाच अल्बम असेल. फोटोग्राफर पुरुष, तो मर्दान्यात बसणार, आणि त्याला जे दिसलं तेच लग्न म्हणून उरणार. लग्न खरं घडतं ते आत. हळद, मेंदी, रतजग्याचे गुलगुले, ढोलक, रुसवेफुगवे, सगळं आतच. बाहेर माणसं बसतात आणि जेवतात. पण पुरावा उरतो तो बाहेरचा.

मे २००३मध्ये बार्शीजवळच्या आमच्या नानीच्या गावी खालाच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा फोटोंचं काम आम्हा दोघा भावंडांकडे आलं. आमच्यातली बहीण मोठी, भाऊ तिच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी दोघांनाही कॅमेरा हाताळायला शिकवलं होतं. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे फोटो आम्ही काढले होते, लग्नाचे कधी नाही. खालाला आमच्या कलेचं फारसं कौतुक नव्हतं. तिचा हिशेब सरळ होता. भाऊ मर्दान्यात उभा राहील, बहीण जनान्यात. परक्या माणसाला आत घ्यावं लागणार नाही. "फोटूआं निकालो बेटा, सबके निकालो. पन भार के लोगां ने देखना नै," ती म्हणाली.

हे एक वाक्य आम्हाला पुढे सगळ्यात जास्त शिकवून गेलं.

अशी अडचण काही आमच्याच घराला पडलेली नव्हती. राजा दीनदयाळ यांनी १८९२मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला होता. सहाव्या निझामांच्या दरबारचे ते छायाचित्रकार. पडदानशीन घराण्यांतल्या बायकांना फोटो काढून घ्यायचे असत, पण पुरुषाच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं नसे. म्हणून या स्टुडिओचा कारभार एका इंग्रज बाईच्या हाती सोपवलेला होता. आपला मराठवाडा तेव्हा निझामाच्याच राज्यात होता. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीही बायकांना स्वतःचा चेहरा कागदावर हवा होता. प्रश्न फोटोचा नव्हताच. फोटो कोण काढणार आणि कोण पाहणार, हा होता. हैदराबादेत त्याचं उत्तर श्रीमंतांना मिळालं. बार्शीकडच्या शेतकऱ्याच्या घराला ते आपल्या हातांनी शोधायचं होतं.

सरांनी त्यांचा पेन्टॅक्स के १००० दिला. सगळा यांत्रिक कॅमेरा. सेल लागतो तो फक्त आतल्या मीटरला. कॅमेरा एक आणि खोल्या दोन. शिवाय मर्दान्याचे आणि जनान्याचे फोटो एकाच रोलवर आले, तर निगेटिव्हची पट्टीही एकच होणार. मग भार के लोगांनी न पाहण्याचं काय? आम्ही एक नियम केला. रोल वेगळे. काहींच्या डबीवर 'ज' लिहायचं, काहींच्या डबीवर 'म'. रोल संपल्याशिवाय कॅमेरा पडदा ओलांडणार नाही. छत्तीस फोटोंचे सात रोल होते, चार आतले, तीन बाहेरचे. पडद्यातून कॅमेरा नेण्या-आणण्याचं काम मामूच्या सात वर्षांच्या मुलाकडे दिलं. दोन्हीकडे मुक्त वावर असलेला त्या लग्नात तो एकटाच होता.

या नियमामुळे आधी बसून विचार करावा लागला. इजाब-कुबूलच्या वेळी आधी वकील आणि दोन गवाह आत जाऊन मुलीची मर्जी विचारतात, मग मजलिशीत येतात. म्हणजे कॅमेरा आधी आत हवा आणि मग बाहेर. मुलीची सही झाली की 'ज'चा रोल संपायला हवा. अशी सगळ्या दिवसाची आखणी आम्ही वहीत केली. लग्नाचा फोटोग्राफर रीतीरिवाज जाणणारा असावा असं म्हणतात, त्याचं कारण त्या वहीच्या पानावर कळलं. पुढे काय घडणार हे ज्याला माहीत नाही, तो ते घडून गेल्यावर कॅमेरा उचलतो.

वहीचा दुसरा भाग अधिक मोलाचा ठरला. हळदीच्या आदल्या दिवशी बहिणीने घरातल्या प्रत्येक बाईला विचारलं, तुमचा फोटो काढू का, आणि काढला तर कुणी पाहिलेला चालेल? तीन रकाने झाले. पहिल्यात, फोटो काढा आणि कुणालाही दाखवा, असं म्हणणाऱ्या. बहुतेक कॉलेजात जाणाऱ्या मुली. दुसऱ्यात, काढा, पण घरातच ठेवा, म्हणणाऱ्या. हा रकाना सर्वांत लांब. तिसऱ्यात, काढूच नका, म्हणणाऱ्या पाचजणी. आम्हाला वाटलं होतं की वयस्कर बायका नाही म्हणतील आणि तरुण हो म्हणतील. तसं झालं नाही. तिसऱ्या रकान्यात एक शिक्षिका होती, आणि सत्तरीची नानी दुसऱ्यात होती. कुणालाही विचारण्याआधी तिच्या वतीने उत्तर देऊन टाकायची आपल्याला, घरच्यांना आणि बाहेरच्यांनाही, किती सवय झालेली असते!

तिसऱ्या रकान्यातली एक खाला ढोलक वाजवण्यात पटाईत. तिचं मत पक्कं, सजीवाची तसवीर काढू नये. यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मत दिलं होतं, की कॅमेरा नवं काही घडवत नाही, तो पडलेली छाया तेवढी धरून ठेवतो. हज्जला जायचं तरी पासपोर्टावर फोटो लागतोच. पण वाद जिंकून फोटो मिळवायचा नसतो. बहीण तिच्याशी काही बोलली नाही. हळदीच्या रात्री खालाच आपणहून म्हणाली, "हातां का निकालो. मूं नक्को." त्या फोटोत ढोलकीवर पडणारे दोन हात आहेत, काचेच्या हिरव्या बांगड्या आहेत आणि मागे गाणाऱ्या पोरींची रांग आहे. १९७४च्या अल्बमातही फक्त बोटंच होती. पण ती पडद्याने उरलेली होती. हे हात मालकिणीने स्वतः देऊ केलेले.

आता थोडं उजेडाविषयी, कारण लग्नघरात उजेड हा वरपक्षासारखाच असतो. त्याची मर्जी सांभाळावी लागते. सरांच्या सांगण्यावरून आम्ही लग्नाआधी आठवडाभर एक रोल केवळ प्रयोगासाठी वापरला होता. लग्नातली प्रत्येक जागा, प्रत्येक दिवा आणि समोर बसायला मामूचा तोच मुलगा. रोल धुऊन आला तेव्हा एकच मुलगा चार रंगांचा झाला होता. ट्यूबलाइटखाली हिरवट, बल्बखाली नारिंगी, पिवळ्या-गुलाबी मांडवाखाली पिवळा-गुलाबी. दिवसाउजेडासाठी बनवलेल्या फिल्मला आपल्या डोळ्यांसारखी समजूत घालून घेता येत नाही. जो रंग पडेल तो ती लिहून ठेवते. फक्त आतल्या खोलीत, चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवर फ्लॅश मारून परतवलेल्या उजेडात, पोराचा चेहरा त्याच्या खऱ्या रंगाचा होता. साऱ्या घरात उत्तम उजेड जनान्यात होता! इतकी वर्षं तिथे कॅमेरा गेला नव्हता, एवढंच.

फ्लॅशचं गणित सरांनी शेतकऱ्याला समजेल असं सांगितलं होतं. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. आमच्या फ्लॅशचा गाइड नंबर २८. शंभरच्या फिल्मला त्या आकड्याला अंतराने भागायचं की अॅपर्चर मिळतं. साडेतीन मीटरवर ८, सात मीटरवर ४. त्या कॅमेऱ्याला फ्लॅशसाठी शटर एक साठांश सेकंदावरच हवं. म्हणून पंगतीच्या टोकाला उभं राहून सगळी पंगत फ्लॅशने टिपू म्हटलं, तर जवळचा पाहुणा पांढराफटक आणि शेवटचा काळोखात. पंगतीच्या मधोमध, बाजूला उभं राहावं. पाहुण्यांतली लहानमोठी मंडळी मग एकाच उजेडात येतात.

खुत्ब्याच्या वेळी फ्लॅश उडवू नका, असं काझीसाहेबांनी आधीच सांगितलं होतं, आणि ते रास्तही होतं. मग आसरा आतल्या मीटरचा. पण मीटरला एकच गोष्ट शिकवलेली असते. समोर जे असेल ते सरासरी करडं, छापखान्याच्या भाषेत १८ टक्के राखाडी, समजायचं. समोर शंभर पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्या असल्या, की तो म्हणतो, फार उजेड आहे, कमी करा. ऐकलं तर सगळी मजलिस मळकट दिसते. त्याच मीटरसमोर काळ्या बुरख्यातल्या बायका आल्या, की तो म्हणतो, फार अंधार आहे, वाढवा. ऐकलं तर चेहरे उडून जातात. पांढरं पांढरं असू शकतं आणि काळं काळं, हे त्याला मान्यच नाही. उपाय सोपा आहे. त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरायचा, त्यावर मीटर लावायचं आणि एक स्टॉप जास्त उघडायचा. माणसाच्या कातडीवरून मोजलं, की टोपीही पांढरी येते आणि बुरखाही काळा. आमच्याकडे बघणाऱ्या अनेक डोळ्यांतही असंच मीटर बसवलेलं असतं, असं तेव्हा मनात येऊन गेलं.

बाहेर नवरदेवाने कुबूल म्हटलं तो क्षण फोटोत येत नाही. तो आवाजाचा क्षण आहे. ओठ हलताना टिपले तर माणूस जांभई देतोय की बोलतोय कळत नाही. त्याच्या पुढच्या क्षणी मात्र बापाचे खांदे सैल होतात, छुहाऱ्यांच्या ताटाकडे पोरांचे हात जातात, गळाभेटी सुरू होतात. निकाह दिसतो तो ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर. आतही तसंच. वकिलांनी तीनदा विचारलं, मेहेरची रक्कम सांगितली. आमची बहीण नवरीच्या चेहऱ्यासमोर गेली नाही. तिने निकाहनाम्यावर सही करणारा मेंदीचा हात टिपला. नंतर सासरच्या मंडळींनी सर्वांत जास्त वेळा हातात घेतला तो हाच फोटो, आणि नवरीने तो पहिल्या रकान्यात घातला, कुणीही पाहावा म्हणून. आपली मर्जी विचारली गेली होती, हे त्यातून दिसत होतं.

निकाहनंतर नवरदेवाला आत आणून जलव्याला बसवलं. दोघांच्या डोक्यावर लाल ओढणी, मधे कुराणशरीफ आणि आरसा. नवरा-नवरीने एकमेकांचा चेहरा आरशात पाहायचा. फ्लॅश आरशासमोर धरला तर तोच उलटून भिंगात येतो, म्हणून तिरकं बसावं लागतं. आणि आरशातला चेहरा हवा तर फोकस आरशाच्या काचेवर धरून भागत नाही. कॅमेऱ्यापासून आरसा दीड मीटर आणि आरशापासून चेहरा अर्धा मीटर असेल, तर भिंग दोन मीटरवर लावावं लागतं. काचेवर धरलं तर काचेवरची धूळ स्पष्ट येते आणि माणूस पुसट. हे सरांनी खडू घेऊन फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्या लाल ओढणीखाली ते खरं ठरलं.

रुखसतीसाठी खालाने एकच विनंती केली होती, "रोती हुई नक्को निकालना." आजकाल रडण्याचे फोटो हवेत म्हणून नवरीला थांबवून ठेवतात, असं आम्ही पाहतो. आम्ही दोनच फोटो काढले, दोन्ही पाठीमागून. एकात मुलीच्या पाठीवर बापाचा हात आहे. त्यानंतर कॅमेरा मामूच्या मुलाच्या गळ्यात घातला आणि आम्ही दोघंही रडायला मोकळे झालो. घरच्या लग्नात फोटोग्राफर असलं, तरी आधी घरचं असावं लागतं.

आता राहिला धुण्या-छापण्याचा प्रश्न. कृष्णधवल असती तर फिल्म घरच्या न्हाणीत धुता आली असती. रंगीत फिल्मच्या रसायनाला ३७.८ अंश तापमान काटेकोर लागतं. मे महिन्यातल्या बार्शीला चाळीसच्या पुढचं कितीही मिळेल, काटेकोर मिळणार नाही. सोलापूरच्या एका लॅबमध्ये मालकांची सून छपाईच्या मशीनवर बसत असे. त्यांना सगळं सांगितलं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी 'ज'चे चारही रोल स्वतः छापले. आमची बहीण शेजारी बसली होती. प्रत्येक फोटोची एकच प्रत, चार बाय सहा. एका फोटोपाशी थांबून त्या बाई म्हणाल्या, "आमच्या लग्नातही स्वयंपाकघरातला एकसुद्धा फोटो नाही हो." त्यांच्या घरी पडदा नव्हता. तरीही नव्हता.

प्रती आणि निगेटिव्ह दोन्ही आम्ही लिफाफ्यात घालून नवरीच्या हाती दिली. बाहेरचा अल्बम खालूच्या बैठकीत राहिला. विवाह नोंदणीला लागतो म्हणून जोडीचा एक फोटो नवरीनेच निवडून दिला. आमच्याकडे आतल्या फोटोंपैकी एकही नाही.

नानीचा एक फोटो त्या लिफाफ्यात होता. हळदीच्या रात्री ती म्हणाली होती, "मेरा बी एक निकालो. कारडावरला नक्को." कार्ड म्हणजे मतदार ओळखपत्र. तोवर नानीचा दुनियेतला एकमेव फोटो त्यावर होता, डोळे विस्फारलेला, गुन्हेगारासारखा. या फोटोत ती गुलगुल्यांच्या परातीशेजारी बसून तोंडाला पदर लावून हसतेय. पदर तोंडावर पुरलेला नाही. हसू बाहेर आलंय.

२००९मध्ये नानी गेली. मोठ्या मामूंनी त्या फोटोची मागणी केली. मोठा करून, चौकटीत घालून बैठकीत लावायचा होता. आईचा फोटो मुलाने मागितला, यात गैर काय? पण निगेटिव्ह नातीकडे होती आणि नातीला दुसरा रकाना आठवत होता. तिने मामूंना फोनवर सांगितलं, "मामूजान, फोटो तुमचाच आहे. पण बैठकीत पाणी मागायला आलेला माणूससुद्धा येतो. नानीने नक्को म्हटलं होतं." मामू दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. आम्हालाही प्रश्न पडला होता. माणूस गेल्यावर त्याची अट उरते का? शेवटी मामींनी मार्ग काढला. फोटो मोठा झाला आणि आतल्या खोलीत, जिथे नानीचा पलंग असे, तिथे लागला. मामू आता रात्री जेवण झाल्यावर आत जाऊन बसतात. मामी म्हणतात, पूर्वी कधी एवढा वेळ आईजवळ बसले नव्हते.

त्या लग्नानंतर आम्ही आणखी काही लग्नांत कॅमेरा धरला. मग मोबाइल आले आणि आमची गरज संपली. आता काझीसाहेबांचा खुत्बा संपण्याआधीच नवरीचा फोटो दुबईत पोहोचलेला असतो. जनान्यात तीस बायका असल्या तर तीस कॅमेरे असतात. चार बोटांवरून आपण इथवर आलो, याचा आनंद आहे. आपल्या मुली स्वतः फोटो काढतात, स्वतः ठरवून ते लोकांसमोर मांडतात. तो त्यांचा हक्क आहे. जुलै २०२१मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ला मुस्लिम स्त्रियांचे फोटो समाजमाध्यमांवरून उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारी अॅप्स निघाली. पत्रकार, वकील, विद्यार्थिनी, कुणाला सोडलं नाही. पुढे अटका झाल्या. तेव्हा आपल्यातलेच काही म्हणाले, बायकांनी फोटो टाकावेतच का? आम्हाला हे पटलं नाही. दोष पहिल्या रकान्यात नाव लिहिणारीचा नसतो, रकाना न विचारता हात घालणाऱ्याचा असतो. आणि तो हात दर वेळी परक्याचाच असतो असंही नाही. मेंदी लावून बसलेल्या मावशीचा फोटो तिला न विचारता कुटुंबाच्या गटावर टाकणारा भाचाही तेच करतो, अगदी प्रेमाने.

म्हणून घरातल्या लग्नात पहिल्यांदाच कॅमेरा किंवा मोबाइल हाती घेणाऱ्या मुलामुलींना आमचं सांगणं थोडकंच आहे. आदल्या दिवशी एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. प्रत्येकीला तिच्या तोंडाने उत्तर देऊ द्या. चुलीपाशी जा, ताटं धुणाऱ्यांपाशी जा, त्यांनाही विचारा. त्या हो म्हणतात आणि हरखून जातात, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. उजेड तळहातावर मोजा. खुत्ब्याला फ्लॅश बंद ठेवा. आणि लग्न संपल्यावर फोटो ज्यांचे आहेत त्यांना देऊन तुमच्या मोबाइलमधून पुसून टाका. हे शेवटचं सर्वांत जड जातं. चांगला निघालेला फोटो जवळ ठेवावासा वाटतो.

या लेखासोबत नानीचा फोटो छापावा, असं कुणालाही वाटेल. आम्ही खालाच्या मुलीला फोन करून विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तुम्ही लिहा ना. लिहिलेलं चालेल नानीला."